खळगा

बरणीचं झाकण ‘टक्’ करून उघडलं आणि लोरीनने श्वास रोखला. धाकटी नेटी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ती हलली नाही.

गेल्या वर्षी धुरावर सुकवून भरलेल्या सॅल्मनची ही शेवटची बरणी. तळाशी दोन तुकडे. एक लोरीनने मोठ्या मुलाच्या, डॅरिलच्या ताटलीत ठेवला. दुसरा कागदात गुंडाळून त्याच्याच डब्यात, पावाखाली सरकवला. उरलेल्या तेलात नेटीसाठी बटाटे परतले. वास तरी लागेल.

तेवढ्यात फळीवरचा स्पीकर खरखरला. त्याचा कान, म्हणजे तारेला जोडलेला माइक, खाडीच्या तोंडाशी पाण्यात सोडलेला होता. गावात घरोघरी तो चालूच असायचा, आणि कित्येक दिवस त्यातून नुसती जहाजांची घरघर येत होती. आज टिकटिक आली. मग एक लांब, ओली शीळ.

“आले आपले सोयरे,” दारातून आंब्रोज मामा म्हणाला. “चला, उठा. मासा न्यायचाय.”

नेटीने डोळेसुद्धा चोळले नाहीत. सरळ बूट शोधायला लागली.

नावेच्या हौदात यंदाचा पहिला चिनूक फिरत होता. सॅल्मनमधला सगळ्यात मोठा, आणि यंदाचा अजून एकुलता एक. रविवारी त्याचं जेवण व्हायचं होतं. गावातल्या प्रत्येकाच्या तोंडात चिमूटभर, तान्ह्याच्याही ओठांना, कुणालाही वगळायचं नाही. मग सगळे काटे न मोडता परत पाण्यात. त्याला नेच्याच्या पानांवर उचलून आणायचा मान यंदा नेटीचा होता. पण या सोयऱ्यांचं, ओर्का देवमाशांचं, मादी पिल्लू उपाशी आहे हे कळलं, तेव्हा तीच म्हाताऱ्यांच्या बैठकीत उभी राहून म्हणाली होती, “माझं राहू दे. मासा तिला द्या.” म्हातारे हो म्हणाले होते.

“ते सील का नाही खात, मामा?” नावेत बसल्यावर तिने विचारलं. “खडकावर एवढे लोळतायत.”

“तू उंदीर खातेस का?” सुकाणूवरून डॅरिल म्हणाला.

“तू खाशील. तुला काहीही चालतं.”

“मी काम करतो, मला भूक लागते. तू काय करतेस? बडबड.”

“पुरे रे,” लोरीन हसत म्हणाली.

“त्यांच्या आयांनी त्यांना हाच घास शिकवला,” मामा म्हणाला. “नद्यांना धरणं घातली, मासा संपला. दुसरा घास त्यांना ठाऊकच नाही.”

तिघं दिसली. पुढे आई. तिच्या बाजूला तिचा वयात आलेला मुलगा, पाठीवरचा पर डॅरिलपेक्षा उंच. आणि मागे पिल्लू. त्याच्या डोक्यामागे खोल खळगा पडला होता. अंगातली चरबी संपली की पडतो तसा. ते पोहत नव्हतं, आईने कापलेल्या पाण्यातून नुसतं ओढलं जात होतं.

“बघितलास खळगा?” मामा हळूच म्हणाला. “तो पडला की फार दिवस नसतात.”

डॅरिलने इंजिन बंद केलं. मामाने हौदाची फळी उचलली. नेटीने कोपरापर्यंत हात बुडवून मासा कवेत घेतला, त्याच्या कानाशी, म्हणजे जिथे कान असायला हवा तिथे, तोंड नेलं. “तिच्याकडेच जा हं.” आणि सोडला.

पिल्लू वळलं. खरंच वळलं.

“घे! घे गं बाई!” डॅरिल ओरडला.

पिल्लाने झेप घेतली, ती तोकडी पडली. तोच खालून त्याची आई वर आली. तोंडात आडवा, चंदेरी चिनूक.

“आईने पकडला!” नेटी उड्या मारायला लागली. “आता ती भरवेल!”

ओर्काने मानेला हिसका दिला. माशाचे दोन तुकडे झाले. मोठा मुलगा शेजारी येऊन थांबला. एक तुकडा तिने त्याच्यापुढे सोडला. पिल्लाने तिच्या हनुवटीला तोंड लावलं, ढुशा दिल्या. ती जरा बाजूला सरली आणि दुसरा तुकडाही मोठ्याच्याच पुढे सोडला.

पाण्यावर खवले चमकत राहिले. पिल्लू तोंड उघडं ठेवून त्या खवल्यांतून फिरलं. मग पुन्हा एकदा फिरलं.



“काय बाई ही,” डॅरिल म्हणाला.

“आया अशाच असतात,” मामाने फळी परत बसवली. “जगणाऱ्याला घालतात. मरणाऱ्यावर घास कोण वाया घालवणार?”

“भाऊ, पोर ऐकतेय,” लोरीन म्हणाली.

“ऐकू दे. तीही कधीतरी आई होईल.”

ओर्का गेले. पिल्लाचा पर पाण्यावर बराच वेळ वेडावाकडा दिसत होता, मग तोही दिसेना. परतीच्या वाटेवर डॅरिलने भूक लागली म्हणून डबा उघडला. पाव उचलला. खालचा कागद सोडला आणि धुराचा, तेलाचा वास नावभर पसरला. त्याने आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि कागद घाईघाईने पुन्हा मिटायला लागला.

नेटी त्याच्याकडे बघत नव्हती. ती सरकत सरकत लोरीनच्या गुडघ्यांशी आली आणि पाठमोरी बसली. दोन्ही हातांनी वेणी वर उचलून तिने मान पुढे वाकवली.

“आई, बघ ना गं. मलापण पडलाय का?”