सोपी राणी

माझी बायको गेल्याचं कळलं त्या दिवशी आळीतली पोरं दारात येऊन उभी राहिली. त्यांच्यासाठी ती चित्रांची पुस्तकं काढायची, एकही अक्षर नसलेली. तेराव्यानंतर तिचं शेवटचं पुस्तक मी त्यांना देऊन टाकलं. उघडून बघायचा धीर मला झाला नव्हता.

"आजोबा, आमच्यासोबत बघा ना," म्हणत मुक्तानं मला पायरीवर बसवलं.

पुस्तकात एक मुलगा आणि एक मुलगी कॅरम खेळत होती. मुलगा तीन पानं नुसता नेम धरून बसलेला, आणि मुलगी गालावर हात ठेवून थांबलेली. मग तिची पाळी आली.

"अगं बाई! राणी भोकाच्या तोंडाशी आहे आणि ही भलतीकडेच मारतेय," मुक्ता ओरडली. "मुद्दाम!"

"मुद्दाम कशाला मारेल?"

"तो जिंकावा म्हणून. बघा, कसा नाचतोय येडा!"

पोरं खिदळली. त्या येड्याचे कान माझ्यासारखेच सुपाएवढे होते. मीही पोट धरून हसलो.

चाळीस वर्षं आम्ही रोज दुपारी कॅरम खेळलो आणि रोज मीच जिंकलो. तिच्याशी एक खरा डाव खेळायचा राहिला.