पट्ट्यांचे दोन सेकंद

"सूर्य त्याच्या जागी मोठा असेल, पण आपल्या दिवाणखान्यात तो यापुढे मला विचारूनच येईल," असं हिलालनानांनी जाहीर केलं आणि खिडकीच्या नव्या, मोटारवर चालणाऱ्या पट्ट्यांच्या पडद्याची माहितीपुस्तिका तीन दिवस वाचत बसले. तेवढे तीन दिवस आडव्या पट्ट्या उघड्याच राहिल्या आणि जळगावचं एप्रिलचं ऊन कुणालाही न विचारता आत येत राहिलं.

चौथ्या दिवशी धुळ्याहून व्याही आले. मुलीच्या सासरी आपला दबदबा राहावा म्हणून नानांनी त्यांना मुद्दाम खिडकीलगतच्या खुर्चीत बसवलं, हातात चहा दिला. "बघा अमृतराव, एकच्या ठोक्याला सगळ्या पट्ट्या दोन सेकंदांत वळतील. अडीच नाही, दोन! मी स्वतः बसवलंय."

एक वाजला. पट्ट्या बरोबर दोन सेकंदांत वळल्या, अंधार झाला, आणि व्याह्यांच्या डोक्यावर, मांडीवर, चहात टपाटप काहीतरी पडू लागलं.

"नाना," अंधारातून व्याही म्हणाले, "आठे गारा बी पडतस का?"

नाना दिवा लावेपर्यंत त्यांच्या पत्नी मंजुळाबाई स्वयंपाकघरातून परात घेऊन धावत आल्या. व्याह्यांच्या बशीतली एक मुगाची वडी उचलून त्यांनी दाताखाली फोडून पाहिली.

"गच्चीवर कबुतरं काही ठेवत नाहीत, म्हणून पट्ट्यांवर घातल्या होत्या. छान कडक वाळल्यात."

मग नानांकडे वळून म्हणाल्या,

"अहो, तेवढे दोनाचे पाच सेकंद करा ना, परात धरायला वेळच मिळत नाही."