डॉक्टर किरपेकरांचे हात

कौशल्य मुळात कुणाचं ते दाखवणाऱ्या पडताळणी यंत्राच्या पडद्यावर आईचं नाव उमटलं, तसं शस्त्रक्रियांना मान्यता देणाऱ्या रोहिणी चौबळने समोर बसलेल्या डॉक्टर किरपेकरांकडे रोखून पाहिलं.

"तुमचं शस्त्रक्रियेचं कौशल्य डॉक्टर मालती चौबळांच्या मेंदूतून काढून घेतलेलं आहे. त्यांची संमती कुठे आहे?"

"त्या बेशुद्ध होत्या, वाचतील असं वाटत नव्हतं. एवढी विद्या त्यांच्याबरोबरच गेली असती," किरपेकर खांदे उडवत म्हणाले. "तुम्ही मान्यता द्या, उपदेश नको."

"त्या जगल्या. पण तेव्हापासून त्यांना स्वतःच्या ब्लाउजचे हूकही लावता येत नाहीत. पक्षाघातामुळे असेल, असं आम्ही समजत होतो. मी त्यांची मुलगी."

किरपेकरांचा चेहरा उतरला, पण आवाजातली गुर्मी गेली नाही. "मला अडवलंत तर आत ऑपरेशन टेबलावर असलेलं पोर मरेल. हे ऑपरेशन इथे दुसऱ्या कुणालाही जमत नाही."

ते खरं होतं, आणि रोहिणीला त्याचाच जास्त संताप आला. तिने फक्त आजच्यापुरती मान्यता दिली आणि दारावरच्या पोलिसाला आत बोलावलं.

"ऑपरेशन संपेपर्यंत यांच्याजवळून हलू नका," ती म्हणाली. "मग यांना माझ्या आईकडे घेऊन या. यांच्या मेंदूतलं तिचं कौशल्य तिला आजच परत मिळायला हवं."