तिळाएवढा ठिपका

"गळ्याखाली ते काय आहे गं?"

मुलाखतीला आलेल्या नर्सची ओढणी जराशी सरकली होती आणि गळ्याच्या खळगीत तिळाएवढा निळा ठिपका दिसत होता. सव्वीस वर्षं या हॉस्पिटलात काढली, मेट्रन झाले, पण गोंदवून घेतलेली एकही मुलगी मी कामावर ठेवलेली नाही.

"गोंदलेलं आहे, मॅडम."

"मग आधी पुसून ये. पेशंटना असली थेरं आवडत नाहीत." मी तिच्या अर्जावर लाल फुली मारली.

ती उठली नाही. "हे पुसता येत नाही, मॅडम. सोळाव्या वर्षी मला कॅन्सर झाला होता. रेडिएशन रोज नेमकं त्याच जागी मिळावं, म्हणून ही खूण गोंदली होती."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. "कुठे?"

"इथेच, खालच्या मजल्यावर. सुई बघून मी टेबलावरून उठून पळायला लागले होते. तेव्हा तुम्हीच मला पोटाशी धरलंत आणि म्हणालात, 'एवढासा तर ठिपका आहे, बाळा. कोण बघतंय?'"