उसवलेलं पान

“वाऱ्याने पानाचे टाके उसवले, पण आईने हार मानली नाही...” काचेपलीकडे माइकसमोर बसलेली लेक वाचता वाचता थांबली. “बाबा, वारा कुठंय? बाजूची पानं तर ढिम्म हलत नाहीयेत.”

काचेअलीकडे एडिटरशेजारी बसलेल्या तिच्या कॅमेरामन बापाने पडद्याकडे पाहिलं. वर्षभर खारी, बेडूक, फुलपाखरं यांच्यामागे उन्हातान्हात फिरून त्याने ऋतूंची ही छोटीशी फिल्म केली होती. निवेदन लेकीच्याच आवाजात हवं, हा हट्टही त्याचाच. आता घ्या! पडद्यावर शिंपी पक्ष्याची चिमुकली मादी चोचीत धागा धरून घरट्याचं उसवलेलं पान पुन्हा शिवू पाहत होती.

ते टाके त्यानेच चिमट्याने सोडवले होते. पानाआडची अंडी कॅमेऱ्याला दिसेनात म्हणून. चालू राहिलेल्या कॅमेऱ्यात त्याचा हात आला होता, तो एडिटरने गुपचूप कापून टाकला. मादीने त्या दिवशी शिवायची खटपट केली, मग ती तिकडे फिरकलीच नाही. अंडी गार पडली. फिल्ममध्ये पुढे चोची वासून ओरडणारी गुबगुबीत पिल्लं दुसऱ्याच घरट्यातली होती.

कॅमेरामनने एडिटरकडे पाहिलं. एडिटरला नेमकी तेव्हाच कीबोर्डवरची धूळ दिसली.

“वारा... येऊन गेला होता गं,” कॅमेरामन म्हणाला. आजवर फिल्ममध्ये बऱ्याच गोष्टी त्याने खपवल्या होत्या, पण पोटच्या पोरीशी तोंडावर खोटं बोलायची ही पहिलीच वेळ.

“असं होय!” तिचा लगेच विश्वास बसला. तिने वाक्य पुन्हा वाचलं, आणि इतका जीव ओतून वाचलं की एडिटर मान खाली घालूनच म्हणाला, “हेच ठेवू.”

हेडफोन काढून ती उड्या मारत बाहेर आली आणि बापाच्या हाताला लोंबकळली. डोळे मात्र अजून पडद्याकडेच.

“पण बाबा, बिचारी एकटीच शिवत होती. तू तिथंच होतास ना? जरा पान धरायचंस की तिला!”

मग तीच खुदकन हसली.

“छे, तू कसला धरतोयस! तू तर कध्धीच कशाला हात लावत नाहीस.”