साहेबांच्या आधीचा घोट

चांदीच्या डबीतली साखर चहात घालून, सावकाश ढवळून पद्माकरांनी कप टेबलापलीकडे सरकवला.

"आधी तू."

अंबरीशने निम्मा कप संपवला, रुमालाने ओठ टिपले. "ग्रँड आहे, साहेब."

सोफ्यावरून सुचित्रा बघत राहिली. आयर्लंडातल्या डून लेरीहून लिमरिकपर्यंत गाडी हाणत ती बापाची खुर्ची वाचवायला आली होती. इथे तर नाटक चाललं होतं.

"बाबा, हे काय नवीन?"

"चिनी दरबारची रीत." आजारपणात पद्माकरांनी बादशहांवरच्या जाडजूड पुस्तकांचा फडशा पाडला होता. "बादशहाच्या ताटातलं आधी खोजा खायचा. तो जगला तर बादशहा जेवायचा."

"आणि खोजा मी," अंबरीश म्हणाला. "लग्न नाही, मूल नाही, घरी वाट बघणारं कुणी नाही. पात्रतेत काही कमी आहे का, ताई?"

हसता हसता त्याला धाप लागली. फार वाळला होता अलीकडे.

पद्माकरांची स्टेंट बनवणारी कंपनी उभी राहिली तेव्हा हा बॅग धरायला आला. आता साहेबांचे फोन तो घेई, टपाल तो फोडी, कुणी भेटायचं ते तो ठरवी. खुद्द सुचित्राला त्याने दोनदा "साहेब झोपलेत" म्हणून वाटेला लावलं होतं. सोमवारी संचालकांची बैठक होती: साहेबांना अध्यक्ष ठेवायचं की घरी बसवायचं. बाकीची मतं समसमान होती. उरलं अंबरीशचं, आणि संचालक तो साहेबांच्याच मेहेरबानीने झालेला.

"तू कुणाच्या बाजूने?" सुचित्राने सरळच विचारलं.

"साहेबांच्या भल्याच्या. त्यांनी आता आराम करावा."

उरलेला चहा गार झाला होता. थरथरत्या हाताने पद्माकरांनी तो नेहमीसारखा खिडकीतल्या तुळशीला घातला.

अंबरीश गेल्यावर सुचित्रा कुंडीपाशी गेली. तुळस करपून काळी पडली होती.

"ही कशाने मेली?"

"आयर्लंडात कुणाची जगते?"

"शेजारचा पुदिना बघा कसा तरारलाय! बाबा, चहा करून तोच आणतो ना? त्यात काहीतरी आहे."

"असेल."

"असेल काय?"

"म्हणून तर आधी त्याला पाजतो."

"मी पोलिसांना फोन करते."

"सोमवार होऊ दे गं. घाई केली की बादशहा हरतो. पुस्तकांत हेच तर आहे."

सोमवारी अंबरीशची खुर्ची रिकामी होती. सकाळीच तो पार्किंगमध्ये कोसळला. हॉस्पिटलात त्याला नळ्या लावल्या होत्या आणि डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. बैठकीत सर्वांनी दोन मिनिटं चेहरे लांब केले. मग मतदान झालं. मतं समसमान पडली आणि नियमाप्रमाणे निर्णायक मत अध्यक्षांनी दिलं. स्वतःला.

परतताना पद्माकर गाडीत शीळ घालत होते. सुचित्रा गाडी चालवत होती. तिला एकच गोष्ट उलगडत नव्हती. चहात विष घालणारा माणूस तोच चहा रोज निम्मा कप पिईल कशाला? तोही हसत हसत?

घरी आल्यावर तिने स्वतः चहा टाकला. एक कप त्यांच्यापुढे ठेवला.

"मी केलाय. आज तरी कुणाला चाखायला न लावता प्या."

"आण इकडे." त्यांनी तसाच, बिनसाखरेचा, एका दमात संपवला. "फक्कड!"

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी बाबा बाबांसारखे दिसत होते. स्वतःच्या कपासाठी तिने चांदीची डबी ओढली, झाकण उघडलं, चमचा भरला.

पद्माकरांनी तिचं मनगट पकडलं. हात जराही थरथरत नव्हता.

"सुचू," ते म्हणाले, "त्यातली नको."