मिलवाल्यांचा होकार

देवरीचे राईस मिलवाले माझ्या नातीला, रुचीला पाहायला आले. परदेशात शिकायला जायचं तर इंग्रजीची परीक्षा लागते, ती रुची पास झाली होती. त्यांचा टिंकू तीनदा आपटला होता. म्हणून आता तिचा नवरा होऊन, तिच्या व्हिसावर हा लाटसाहेब विमानात बसणार होता.

पोहे खाऊन झाल्यावर त्याची आई म्हणाली, "जरा इंग्रजी बोलून दाखव ना बेटा. खात्री केलेली बरी." जशी काही बाजारात म्हैस दोहून पाहत होती!

रुचीनं टिंकूकडे पाहून इंग्रजीत खाडखाड काहीतरी विचारलं. टिंकू छाती फुगवून म्हणाला, "येस, येस!" त्याच्या आईनं टाळ्या वाजवल्या. "बहुत बढिया! आमच्या टिंकूले सारं समजते."

मी रुचीला आत नेलं. "काय विचारलं वो त्याले?"

"ही सोयरीक मोडून टाकायची का, असं विचारलं, आजी."

मी बाहेर येऊन पाहुण्यांना हात जोडले. "या आता. सोयरीक तुमच्या पोरानंच मोडली, अन् तुम्ही टाळ्या वाजवल्या."